अध्यक्षीणबाई आणि विम्याची अट

अध्यक्षीणबाईंना कुणी नुसता रुमाल दाखवला तरी त्या तो आधी उलटा करायच्या. पुढच्या बाजूला फुलं आहेत की पाखरं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. मागे गाठ दिसते का, दोरा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर आडवा ओढलाय का, एवढंच त्या बघत. दिसलं की रुमाल दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसा, मालकिणीला परत करत आणि म्हणत, "छान आहे." त्या 'छान'पायी कितीतरी बायकांनी घरी जाऊन सुई-दोऱ्याचा डबा माळ्यावर टाकला असेल. आता तुम्हीच सांगा, रुमालाची मागची बाजू बघतं कोण? नाक पुसणारासुद्धा बघत नाही.

पण बाईंना ते सांगायचं कुणी? भरतकाम आणि विणकाम मंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या, आणि खुर्ची जन्मजात आपलीच असल्याच्या तोऱ्यात बसायच्या. दरवर्षी निवडणूक व्हायची. म्हणजे बाई विचारायच्या, "कुणाला अध्यक्ष व्हायचंय का?" आणि सगळ्या जणी आपापल्या मांडीवरच्या कामाकडे बघायच्या. झाली निवडणूक. 'अध्यक्षीणबाई' हे नाव बायकांनी पाठीमागे ठेवलं होतं. ते बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना तो मान वाटला. थट्टा कळायलाही थोडी लाज लागते, ती त्यांच्याकडे कमीच होती.

मशीनवर भरतकाम करणाऱ्या बायकांना त्या माणसांत धरत नसत. बाजारातनं विकतची लेस आणून लावणारीला तर त्या नमस्कारही करत नसत. नवऱ्याला त्या 'हे' म्हणत, पण त्या 'हे'मध्ये 'हे असंच चालायचं' असा सूर असे. हे बिचारे वर्तमानपत्राआड बसून असत. घरात नाकावर माशी बसू न देणारं माणूस असलं की बाकीच्यांना माशीसारखं राहावं लागतं.

आणि या बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्यांना साधं बटण लावता येत नव्हतं. हे आज कुणाला सांगायची सोय नाही. सांगू शकणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची थोरली जाऊ.

थोरल्या जाऊबाईंनी त्यांना शिकवलं. दुपारची भांडी झाली की स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी दोघी बसायच्या. थोरली तिच्या हातावर हात ठेवून सुई चालवून दाखवायची. चुकलं की म्हणायची, "उसव गं, कापड कुठं पळून चाललंय," आणि धाकटीचे डोळे भरले की स्वतःच उसवून द्यायची. साखळी टाका, भरीव टाका, जाळी, क्रोशाची सुई धरायची कशी, सगळं तिनं दिलं. तिच्या स्वतःच्या कामाच्या मागच्या बाजूला मात्र गाठींचा बाजार असायचा, दोरे लोंबायचे, आणि पुढून बघावं तर फूल हात लावला की गळून पडेल असं वाटायचं. धाकटीनं शिक्षण सगळं घेतलं आणि वर मागची बाजू स्वच्छ ठेवायला शिकली. इथंच तिला शिंगं फुटली.

पुढे मंडळ निघालं, तेव्हा थोरली हसत म्हणाली होती, "सुई चालवायला अध्यक्ष कशाला लागतो गं?" बाईंनी तो शब्द मनात ठेवला. जाऊबाईंना सभासद व्हा म्हणून एकदाही म्हटलं नाही. थोरले दीर वारल्यावर जाऊबाई वरच्या गल्लीतल्या एका इमारतीत, जिन्याच्या टोकाशी असलेल्या खोलीत राहू लागल्या. रफू करायच्या. कुणाच्या कोटाला कसर लागली, कुणाच्या पँटचा खिसा फाटला, सगळं त्यांच्या टोपलीत येऊन पडायचं. हातावर पोट म्हणतात ते त्यांचं अक्षरशः होतं. आणि गंमत बघा, एवढी मंडळाची अध्यक्ष, पण नवीन काम पुरं झालं की आधी ते घेऊन जिना चढायची ते थोरलीकडेच. तिनं चष्मा लावून बघून "बरं झालंय" म्हटलं की मगच बाईंचा जीव खाली पडायचा. साऱ्या गावानं वाहवा केली आणि ती "हं" म्हणाली, तर आठवडाभर घरात भांडी आपटली जायची. हे बाईंना स्वतःलाही कबूल नव्हतं. पण नवऱ्याला आवाजावरून कळायचं.

तर त्या वर्षी मंडळाचं प्रदर्शन मोठ्या हॉलमध्ये घ्यायचं ठरलं. हॉलच्या व्यवस्थापकानं सांगितलं, आयोजकांचा लायबिलिटीचा विमा असल्याशिवाय चावी मिळणार नाही. आधी कुठल्याशा प्रदर्शनात मांडणी कोसळून एका पाहुण्याच्या पायावर पडली होती आणि हॉलवाल्यांना फार निस्तरावं लागलं होतं.

"आमचं सुईकाम आहे हो," बाई म्हणाल्या. "आम्ही काय कुस्त्या लावतोय?"

"सुया टोकदार असतात मॅडम," व्यवस्थापक म्हणाला, आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागला.

विमा एजंटाचं ऑफिस बुटांच्या दुकानाच्या वर होतं. जिनाभर चामड्याचा वास. बाई नाकाला रुमाल लावून चढल्या. आत एक टेबल, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि धुळकटलेली कागदी फुलं. एजंट सडपातळ, घाईघाईत बोलणारा. त्याच्या निळ्या शर्टाचं दुसरं बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं. बाईंनी ते बघितलं आणि त्या माणसाचा निकाल लागला. पुढचं सगळं बोलणं त्यांनी त्या बटणाशीच केलं.

तो आपलं काम करत होता. प्रदर्शन बघायला आलेल्या कुणाला तिथं इजा झाली, कुणी पडलं, कुणाच्या डोळ्यात सुई गेली, आणि त्यात आयोजकांचा निष्काळजीपणा निघाला, तर भरपाई कंपनी देते. त्या बदल्यात तुम्ही काळजी घ्यायची. जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवायची. दिव्यांच्या वायरी जमिनीला चिकटवायच्या. कात्र्या पोरांच्या हाताशी ठेवायच्या नाहीत. "आणि कापडं जमिनीवर लोळू द्यायची नाहीत. तुमच्याकडे कापडं फार असणार."

"आमच्याकडे कापडं लोळत नाहीत," बाई बटणाला म्हणाल्या.

"आणि शेवटची अट. काही झालंच तर जागच्या जागी 'चूक आमची' असं कबूल करायचं नाही. भरपाईचा शब्द द्यायचा नाही. आम्हाला कळवायचं. चूक कुणाची, देणं किती, ते कंपनी ठरवेल."

तेव्हा बाईंनी पहिल्यांदा वर, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

ही अट जणू त्यांचं माप घेऊनच शिवली होती. जन्मभर त्यांनी ती फुकटात पाळली होती. दूध उतू गेलं तर शेगडी वाईट. आमटी खारट झाली तर मीठ नवीन. मुलाच्या लग्नात पाहुण्यांना भलत्याच ठिकाणी उतरवलं तर गाडीवाला मूर्ख, पत्ता त्यांनी स्वतः सांगितलेला असला तरी. सुनेनं एकदा चाचरत म्हटलं होतं, "आई, पत्ता तुम्हीच..." तेव्हा बाईंनी तिला अशा नजरेनं पाहिलं की सून पुढचं वाक्य आजतागायत बोललेली नाही. आणि इथं एक कंपनी, शिक्का मारून, सांगत होती की चूक कबूल करू नका. बाईंनी तिथल्या तिथं सही केली. जाताना म्हणाल्या, "त्या बटणाला निळा दोरा लावून घ्या." माणसानं शर्टाकडे पाहिलं आणि "हो" म्हटलं. बिचाऱ्याच्या घरी कुणी बटण लावून देणारं होतं की नाही, हे विचारायचं बाईंच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

प्रदर्शनात मधोमध बाईंचा टेबलक्लॉथ. पांढरा, त्याला वीतभर रुंद क्रोशाची लेस, सगळीकडून. लेसचा नमुना थोरल्या जाऊचा, तिच्या डोक्यातला, तिनं खिडकीपाशी बसून शिकवलेला. पण खालच्या पाटीवर नाव एकट्या बाईंचं. लेस विणायला कित्येक वर्षं गेली होती आणि बाईंनी त्यातलं प्रत्येक वर्ष येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं होतं.

घोळ असा झाला की टेबलक्लॉथ घरच्या जेवणाच्या टेबलाच्या मापाचा, आणि हॉलची टेबलं बुटकी. त्यामुळे लेस जमिनीवर लोळायला लागली. सून सकाळी आधी येऊन मांडणी करत होती. तिनं कडा वर दुमडून आतल्या बाजूनं टाचण्या लावल्या. टाचण्या तिच्या स्वतःच्या, हिरव्या डोक्यांच्या. बाईंना तो हिरवा रंग दवाखान्यातल्या पडद्यासारखा वाटायचा आणि त्या टाचण्यांना त्या घरात हात लावत नसत. त्या दिवशी मात्र लावला.

बाई आल्या, टेबलाभोवती एक फेरी मारली, आणि खाली बसून एकेक हिरवी टाचणी काढू लागल्या. मनगटावर त्या नेहमी टाचण्या टोचायची छोटी उशी पट्ट्यानं बांधत, त्या उशीत खोचू लागल्या.

"आई, कुणाच्या पायात येईल," सून म्हणाली.

"दुमडलं तर नमुना दिसणार कसा? अर्धं फूल दाखवायला आणलंय का मी?"

"पण लेस आहे. जाळीत अडकायला..."

"लोकांना डोळे असतात," बाई म्हणाल्या. लेस सगळीकडून सोडली, बोटांनी जमिनीवर नीट पसरली, आणि समाधानानं उठल्या. बघा, ही चूक करायला दुसऱ्या कुणाला जमणार नाही. शहाणा माणूस पायात येणारं कापड उचलून ठेवतो. ज्यानं जन्म लेस विणण्यात घालवलाय, तोच ती लोकांच्या पायांखाली पसरून ठेवील आणि वर म्हणेल, पाय जपून ठेवा.

थोरल्या जाऊबाई दरवर्षी गर्दी ओसरली की येत. त्या दिवशीही दुपारी आल्या. साधी पट्ट्याची चप्पल, हातात पिशवी. लेस बघून थांबल्या. आपल्याच नमुन्याकडे माणूस जसं बघतं, म्हणजे थोडं लाजून, तसं त्यांनी पाहिलं. चष्मा लावला, वाकल्या, लेसचं एक फूल बोटानं उचलून बघितलं. बाई जरा दूर उभ्या होत्या. 'बरं झालंय' ऐकायला कान टवकारलेले, आणि चेहऱ्यावर असं की मला काय त्याचं.

जाऊबाई सरळ झाल्या आणि बाईंकडे बघून काहीतरी बोलणार म्हणून वळल्या. चपलेचं बक्कल जाळीत अडकलं. त्या उजव्या हातावर पडल्या. आवाज असा आला की हॉलमधल्या सगळ्यांना कळलं, काहीतरी मोडलं.

बाई धावल्या, गुडघ्यांवर बसल्या. आणि त्यांचे हात आधी गेले कुठं? लेसकडे. बक्कलात अडकलेलं फूल फाटू नये म्हणून त्या दोन्ही हातांनी जाळी सोडवू लागल्या. थोरली जाऊ जमिनीवर कुशीवर पडलेली, आणि तिच्या डोळ्यांसमोर बाईंचं ते उशी बांधलेलं मनगट हलत होतं. सून पलीकडून पळत आली, तिनं जाऊबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. लेस सुटली. मग बाई उभ्या राहिल्या आणि गोळा झालेल्या बायकांना म्हणाल्या, "कुणी काही बोलू नका. विमा आहे."

दवाखान्यात थोरल्या जाऊच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. मनगटाची हाडं वाईट तऱ्हेनं मोडली होती. डॉक्टर सुनेला बाजूला घेऊन म्हणाले, बोटं पूर्वीसारखी मिटतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. बाईंनी ते ऐकलं. ती बोटं त्यांच्या बोटांवर किती दुपारी बसली होती.

जाऊबाईंनी त्यांना जवळ बोलावलं. "बस गं."

बाई बसल्या.

"टाचण्या कुणी काढल्या गं?"

विचारण्यात राग नव्हता. 'उसव गं' म्हणायची, त्याच आवाजात विचारलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाईंच्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, आणि आता वरून कंपनीचा शिक्का.

"वहिनी, ते सगळं आता कंपनी बघतेय," त्या म्हणाल्या. "मला त्यावर बोलायची परवानगी नाही."

थोरलीनं तोंड भिंतीकडे वळवलं. "बरं," म्हणाली.

मग कंपनीचा माणूस चौकशीला घरी आला. फोटो काढले, टेबलक्लॉथ बघितला, टेपनं कडेची लांबी मोजली. "कडा दुमडली नव्हती का?"

"टाचण्या सूनबाईंनी लावल्या होत्या," बाई म्हणाल्या.

यातला एक शब्द खोटा नाही, आणि याच्याइतकं हलकट वाक्य त्या घरात त्याआधी कुणी बोललं नसेल. सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तो माणूस तिच्याकडे वळला. "नीट लागल्या नसतील का हो?" सुनेनं सासूकडे पाहिलं. सासू चहात साखर ढवळत होती. "नसतील," सून म्हणाली, ट्रे ठेवला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती घरात कामापुरतं बोलू लागली. दुपारी मात्र रोज वरच्या गल्लीत जायची. थोरल्या सासूबाईंची वेणी घालायची, भाजी चिरून द्यायची, टोपलीतले कपडे ज्यांचे त्यांना परत नेऊन द्यायची, कारण आता रफू करायला हात नव्हता.

आणि अध्यक्षीणबाई? त्या गेल्या नाहीत. क्लेम चालू होता ना. मंडळात कुणी विचारलं, "जाऊबाई कशा आहेत?" तर बाई ओठ आवळून म्हणत, "प्रकरण कंपनीकडे आहे," जणू जाऊ कंपनीत नोकरीला लागली होती. नवरा एकदा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "अगं, वहिनींकडे जाऊन तरी ये. कितीदा त्यांच्या हातचं जेवलोय आपण."

"मी गेले आणि तोंडून काही निसटलं तर? क्लेम बुडेल. नुकसान कुणाचं? त्यांचंच ना?"

नवऱ्यानं वर्तमानपत्र पुन्हा उचललं. बघा कसब. न जाणं हेसुद्धा जाऊवरचे उपकार करून दाखवलं. असल्या बाईला भरतकाम शिकवायची गरजच काय होती, मखलाशीच्या टाक्यात ती उपजतच तयार होती.

पण एक गोष्ट होती जिची सारवासारव त्यांना जमत नव्हती. मधल्या काळात त्यांनी एक उशीचा अभ्रा भरायला घेतला होता. पुरा झाला. मागची बाजू आरशासारखी. मंडळात दाखवला, सगळ्या म्हणाल्या, काय हात आहे मॅडम. बाई घरी आल्या, अभ्रा मांडीवर घेऊन बसल्या, आणि त्यांना कळेना की हा चांगला झालाय की नाही. पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघितला. शेवटी तो कपाटात कोंबला. दुसरा सुरू केला, तोही शेवटच्या टाक्यापाशी सोडून दिला. खिडकीबाहेर वरच्या गल्लीचा कोपरा दिसायचा. बाई त्या खिडकीचा पडदा ओढून घेऊ लागल्या.

शेवटी एजंटाचा फोन आला. क्लेम मंजूर झाला, पैसे पोचते झाले, प्रकरण बंद. बाई स्वतः उठून त्याच्या ऑफिसात गेल्या. या वेळी चामड्याच्या वासाला रुमाल लावायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"म्हणजे आता बोलायला मी मोकळी ना?"

"कशाबद्दल?" एजंट म्हणाला.

"झाल्या प्रकाराबद्दल. वहिनींशी. इतके महिने तुमची अट होती म्हणून मी तोंड शिवून बसले होते."

एजंटानं हातातलं पेन खाली ठेवलं. "बाई, ती अट पैशापुरती होती. भरपाई आम्ही देऊ असं परस्पर कबूल करू नका, एवढंच. आपलं माणूस दवाखान्यात पडलंय तर जाऊन बसू नका, वाईट वाटलं म्हणू नका, असं कोणती कंपनी लिहील? तुम्ही त्यांना भेटलाच नाहीत?"

बाईंनी पदर सारखा केला.

"तुम्ही तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं," तो म्हणाला. बाईंना त्याची नजर ओळखीची वाटली. गाठी असलेल्या रुमालाकडे त्या स्वतः तशाच बघत. त्याच्या बटणाचा दोरा निळा आहे की काळा, ते बघायला त्या विसरल्या.

तिथून त्या थेट वरच्या गल्लीत गेल्या. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबून मनात वाक्य लावून बघितलं. 'वहिनी, तेव्हा घाईत...' नको. 'वहिनी, सूनबाई म्हणाली होती, पण...' नको. प्रत्येक वाक्यात कुठून तरी 'पण' घुसत होता. शेवटच्या वळणावर त्या चक्क दम खात उभ्या राहिल्या. एवढं मात्र त्यांच्या पदरात टाकायला हवं, की परत फिरल्या नाहीत.

दार उघडंच होतं. थोरल्या जाऊबाई खिडकीपाशी खुर्चीत. प्लास्टर निघालं होतं. उजवा हात मांडीवर, बोटं अर्धवट वळून तशीच राहिलेली, जणू अजून सुई धरून बसलीत. रफूची टोपली कोपऱ्यात रिकामी. मांडीवर कापडाचा तुकडा, त्यावर डाव्या हातानं घातलेले टाके, पहिल्या दिवशीच्या पोरीसारखे वेडेवाकडे.

"ये," जाऊबाई म्हणाल्या. "आलीच आहेस तर सुई ओवून दे. तेवढं एका हातानं होत नाही."

बाईंनी सुई ओवून दिली. तुकडा हातात घेतला, आणि काय सांगावं, हातानं आपणहून तो उलटा केला.

"बघ बघ," जाऊबाई म्हणाल्या. "मागून पुढून सारखंच झालंय आता. तुला आवडेल."

बाईंनी तुकडा खाली ठेवला. जमवलेली वाक्यं सगळी जिन्यातच राहिली होती. "वहिनी," त्या म्हणाल्या, "टाचण्या मी काढल्या. सूनबाई नको म्हणत होती. चुकलं माझं."

जन्मात पहिल्यांदा. 'पण' न लावता. बाईंना रडू फुटलं, आणि रडता रडता हलकंही वाटलं, आता वहिनी चूक उसवतील आणि टाका पुन्हा घालून देतील, खिडकीपाशी बसून, पूर्वीसारखं.

"माहितेय," जाऊबाई म्हणाल्या.

बाईंनी डोळे पुसले. "कुणी सांगितलं? सूनबाईनं?"

"ती कशाला सांगेल. रोज येते, टाचण्यांबद्दल एका शब्दानं बोलली नाही. तुझ्या मनगटावर होत्या गं. हिरव्या. मी खाली पडले तेव्हा माझ्या नाकासमोर तेवढंच होतं. तू लेस सोडवत होतीस."

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. "मग दवाखान्यात विचारलंत कशाला?"

"तू सांगशील म्हणून."

"आज सांगतेय ना, वहिनी."

"आज उशीर झाला." जाऊबाईंनी डाव्या हातानं तुकडा मांडीवर ओढून घेतला. "तुझ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. फार सज्जन. या हातानं सही होत नाही म्हणून अंगठा घेतला, आणि आधी वाचून दाखवलं. चूक कुणाची, ते कंपनी मान्य करत नाही, तरी पैसे देते. म्हणजे मी आपली आपणच पडले. आणि या पडण्याबद्दल यापुढे तुझ्याकडे कधी काही मागणार नाही, असं मी लिहून दिलंय. तोवर रोज वाट बघत होते, हो. जिन्यावर पाय वाजला की वाटायचं, आली. अंगठा दिला आणि म्हटलं, बरं झालं, सुटले. आता तू कशाला द्यायला आलीस?"

"ते पैशापुरतं असतं वहिनी," बाई म्हणाल्या. "ते नुसतं पैशापुरतं असतं."

"तुझी अटही पैशापुरतीच होती ना? सूनबाईनं पहिल्याच आठवड्यात एजंटाला विचारून मला सांगितलं होतं."

बाईंनी हात पुढे केला, त्या वळलेल्या बोटांवर ठेवायला. जाऊबाईंनी आपला तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला, रागानं नव्हे, थंडी वाजल्यावर घेतात तसा. मग सुई उचलली आणि एक टाका घालायला लागल्या. सुई भलतीकडेच निघाली. त्यांनी ती काढली आणि पुन्हा घातली.

"जा आता," त्या म्हणाल्या. "घरी वाट बघत असतील. दार ओढून घे, कडी मी लावते."

बाईंनी दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आत खुर्ची सरकली, पावलं दारापाशी आली. कडी खाली पडली, पुन्हा उचलली गेली, पुन्हा पडली. डाव्या हातानं लावायची म्हणजे वेळ लागतो. बाई बाहेर उभ्या राहून ती लागेपर्यंत ऐकत होत्या. मग लागली.